लोगो मोठा केला की फाटतो का? ग्राफिक्स सॉफ्टवेअरची सोपी ओळख

"ताई, हाच लोगो जरा मोठा करा की, त्यात काय एवढं," असं म्हणत बचत गटाच्या एका मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपचा डीपी उघडलेला, त्यात पिवळा गोल सूर्य, खाली पोळपाट-लाटणं आणि वळणदार अक्षरात 'घरगुती पापड'. गटाला प्रदर्शनात स्टॉल मिळालेला, फ्लेक्स दहा बाय चारचा, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा होता. आधी एका ठिकाणी त्यांनी तो छापून पण घेतला होता, पिशवीत घडी घालून सोबत आणला होता. उलगडून बघितला तर सूर्याची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी, लाटण्याची मूठ धुरकट, आणि 'घ' आहे का 'ध' तेच कळेना. पैसे गेले ते गेलेच. मावशींचं म्हणणं इतकंच की मोबाईलवर तर छान दिसतंय, मग मोठं केल्यावर असं का झालं.

मी साताऱ्यात डीटीपीचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे "ताई, फोटोशॉप शिकू का कोरल?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कॉम्प्युटरवरचं चित्र कशाचं बनलेलं असतं ते एकदा नीट समजलं ना, की कुठलं सॉफ्टवेअर कशासाठी हे पाठ करावं लागत नाही, ते आपोआप कळतं. कोर्समध्ये पहिल्या दिवशी टूलबार शिकवतात, हे टूल दाबा ते टूल दाबा, आणि ही मूळ गोष्ट राहूनच जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

तर आधी ठिपक्यांचं चित्र. रुखवतात क्रॉस स्टिचचं तोरण बघितलंय ना? चौकटीच्या कापडावर एकेक फुली घालत जायची, लाल फुली, हिरवी फुली, आणि लांबून बघितलं की मोर दिसतो. जवळ गेलं की नुसत्या फुल्या. कॉम्प्युटरमधला फोटो अगदी असाच असतो. त्या एकेका फुलीला पिक्सेल म्हणतात, आणि फाइलमध्ये लिहिलेलं एवढंच असतं की पहिल्या ओळीतला पहिला ठिपका या रंगाचा, दुसरा त्या रंगाचा, असं शेवटपर्यंत. त्यात मोर आहे, सूर्य आहे, लाटणं आहे यातलं फाइलला काही माहीत नसतं. या प्रकाराला रास्टर म्हणतात, बिटमॅप पण म्हणतात.

आता मावशींचा डीपी. मी फाइल उघडून बघितली तर आडवे ६४० ठिपके, उभे ६४०. मोबाईलच्या स्क्रीनवर ते पुरतात, कारण तिथे ठिपके इतके बारीक असतात की डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत. पण फ्लेक्सवर लोगो चार फूट रुंद हवा होता, म्हणजे १२०० मिलीमीटरच्या थोडं वर, आणि तेवढ्या जागेत तेच ६४० ठिपके ताणायचे म्हटल्यावर एकेक ठिपका जवळजवळ दोन मिलीमीटरचा झाला, मोहरीच्या दाण्याएवढा. क्रॉस स्टिचचं तोरण घेऊन त्याची सतरंजी करायला गेल्यासारखं झालं, फुल्या तेवढ्याच, फक्त एकेक फुली मोठी. आमच्याकडे याला 'पिक्सेल फाटले' म्हणतात आणि शब्द एकदम बरोबर आहे. सॉफ्टवेअर मोठं करताना मधले ठिपके अंदाजाने भरतं, त्यामुळे कड कधी पायऱ्यांची दिसते कधी धुरकट, पण मुळात नसलेली माहिती ते कुठून आणणार?

म्हणून प्रेसवाले रेझोल्यूशन विचारतात. हातात धरून वाचायच्या वस्तूला, म्हणजे पत्रिका, हँडबिल, लेबल, यांना एका इंचात ३०० ठिपके हवेत असा साधारण नियम आहे. ए फोर कागद त्या हिशोबाने २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा, म्हणजे जवळजवळ ८७ लाख ठिपके. बारा मेगापिक्सेलच्या मोबाईलने काढलेला फोटो ४००० बाय ३००० चा असतो, तो छापायला साधारण १३ बाय १० इंचापर्यंत मस्त जातो. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून तिथे इंचाला ७२ पण चालतात, होर्डिंग फारच उंचावर असेल तर त्याहून कमी पण चालतात. मात्र हा मूळ फोटो हवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की तो पाठवतानाच बारीक होतो, म्हणून आम्ही सारखं सांगत असतो की 'डॉक्युमेंट'मधून पाठवा, किंवा मेल करा. तेवढं एक केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

ठिपक्यांच्या चित्रावर काम करणारी सॉफ्टवेअर म्हणजे फोटोशॉप, गिंप, क्रिटा, ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी, वगैरे. फोटोशॉपची सुरुवात पण छान आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगनला पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलने घरच्या मॅक कॉम्प्युटरच्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर राखाडी छटा दाखवता याव्यात म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता, त्याला त्यात दम दिसला, दोघांनी मिळून तो वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने तो बाजारात आणला. आज 'फोटोशॉप करणे' हे क्रियापदच झालंय, पण यातली ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही ती गोष्ट, लेयर, ती पहिल्या आवृत्तीत नव्हतीच, ती १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

लेयर म्हणजे काचा एकावर एक ठेवल्यासारखं. खालच्या काचेवर आकाश, मधल्या काचेवर माणूस, वरच्या काचेवर नाव. वरून बघितलं की एकच चित्र, पण नाव बदलायचं असेल तर तेवढीच काच उचलायची, माणसाला धक्का लागत नाही. म्हणून लेयरवाली मूळ फाइल जपायची, तिला आमच्यात 'ओपन फाइल' म्हणतात. तिची जेपेग केली की सगळ्या काचा चिकटून एक पत्रा झाला, मग त्यातलं काही सुटं होत नाही.

आणि जेपेगचा विषय निघालाच तर, जेपेग ही १९९२ ची पद्धत आहे, चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि डोळ्याला फारसं जाणवणार नाही असं बारीकसारीक टाकून द्यायचं, म्हणून फाइल हलकी होते. फोटोला हे एकदम योग्य. पण अक्षरांच्या आणि लोगोच्या कडेला त्यामुळे घाण साचल्यासारखी दिसते, आणि तीच फाइल उघड-सेव्ह-उघड-सेव्ह करत राहिलात की दर वेळी थोडं थोडं जातच राहतं. शिवाय जेपेगमध्ये पारदर्शक भाग राहत नाही, म्हणून लोगो रंगीत पट्टीवर ठेवला की त्याच्यामागे पांढरा डबा येतो. त्यासाठी पीएनजी, त्यात पारदर्शकपणा राहतो आणि टाकून देणं नसतं. फोटो असेल तर जेपेग, लोगो-अक्षरं असतील तर पीएनजी, रोजच्या कामाला एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आता दुसरा प्रकार, आणि मला हा जास्त आवडतो. गवंडी गोल कट्टा कसा आखतो बघितलंय? मधे खुंटी ठोकतो, दोरी बांधतो, दोरीच्या टोकाला खडू, आणि फिरवतो. तीन फुटांचा कट्टा असो नाहीतर तीस फुटांचा, कृती तीच, फक्त दोरी लांब घ्यायची, गोल कुठेही खडबडीत होत नाही. व्हेक्टर चित्र म्हणजे ही कृती लिहून ठेवलेली असते. फाइलमध्ये ठिपके नसतात, 'इथे मध्य, एवढी त्रिज्या, आत पिवळा रंग' असं लिहिलेलं असतं, आणि दर वेळी सॉफ्टवेअर ते नव्याने काढतं. म्हणून व्हेक्टर लोगो पेनावर छापा नाहीतर पाण्याच्या टाकीवर रंगवा, कड तशीच धारदार.

खरं तर कॉम्प्युटरवर हाताने चित्र काढायची गोष्ट रेषांपासूनच सुरू झाली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलंडने पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, प्रकाशाच्या पेनने थेट स्क्रीनवर रेघ मारायची, ती सरळ कर म्हटलं की सरळ होणार, आणि एक मूळ आकृती करून तिच्या कितीही नकला ठेवल्या तर मूळ बदलल्यावर सगळ्या नकला बदलणार. साठ वर्षांपूर्वी! आज कोरलमध्ये किंवा ऑटोकॅडमध्ये आपण जे करतो त्याची बीजं तिथे आहेत.

सरळ रेघ आणि गोल सोपे, पण लाटण्याच्या मुठीचा बाक कसा लिहायचा? हे उत्तर मोटारीच्या कारखान्यातून आलं. फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीत पिएर बेझिए आणि सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो, दोघांना गाडीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत लिहायचे होते म्हणजे मशीनला ते कापता येतील, आणि १९६० च्या आसपास दोघांनी आपापल्या जागी एकच युक्ती शोधली. बाकाची दोन टोकं घ्यायची आणि प्रत्येक टोकाला एक दांडी लावायची, दांडी जिकडे ओढाल तिकडे रेघ वाकते, लांब ओढाल तेवढी जास्त ताणली जाते. कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये नोडवर, म्हणजे बाकाच्या टोकाच्या बिंदूवर, क्लिक केल्यावर ज्या दोन मिशा बाहेर येतात ना, त्या ह्याच. त्यांना बेझिएचंच नाव आहे.

मावशींचा लोगो मी त्या संध्याकाळी असाच परत काढला. डीपी खाली ठेवला, त्याला लॉक केलं, वर पेन टूल घेतलं. सूर्य सोपा, गोल टूलने एक गोल. लाटण्यात मात्र मजा आहे, दोन्ही बाजूच्या मुठी सारख्या हव्यात म्हणून मी एकाच बाजूची एकच कड काढली: मुठीच्या टोकाला एक नोड, मान बारीक होते तिथे एक, आणि पोट सुरू होतं तिथे एक, बास तीन. मग मिशा ओढून बाक बसवला, त्या अर्ध्या तुकड्याची आरशासारखी नक्कल केली, दोन्ही जोडले, परत उलटी नक्कल करून दुसरी मूठ. नवीन मुलं इथे हमखास चूक करतात, एका बाकाला पंधरा-वीस नोड टाकतात आणि मग ती कड लाटण्यासारखी न दिसता कुरतडल्यासारखी दिसते. जितके नोड कमी तितका बाक सुंदर. अख्ख्या गोलाला चार नोड पुरतात, मग मुठीला वीस कशाला?

"ऑटो ट्रेस आहे की, ठिपक्यांवरून रेषा आपोआप काढतं, एका क्लिकमध्ये होतं," असं मला कोणीतरी म्हणणारच. आहे, कोरलमध्ये आहे, इंकस्केपमध्ये पण आहे. मूळ चित्र मोठं आणि स्वच्छ असेल तर वेळ वाचतो, मी स्वतः वापरते. पण ६४० ठिपक्यांच्या डीपीला ट्रेस मारलं की ते फाटलेल्या पायऱ्यासुद्धा इमानदारीने ट्रेस करतं, शेकडो नोडचा गोळा हातात येतो, आणि तो साफ करण्यापेक्षा नव्याने काढणं परवडतं.

व्हेक्टरची सॉफ्टवेअर म्हणजे १९८७ चं अडोबी इलस्ट्रेटर, कॅनडातल्या ओटावाचं १९८९ चं कोरल ड्रॉ, आणि फुकट मिळणारं इंकस्केप, जे २००३ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर या सगळ्या धंद्यात कोरलच राज्य करतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, जुन्या कोरलमध्ये नव्या कोरलची फाइल उघडत नाही, म्हणून पाठवताना खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्यायची, किंवा सोबत पीडीएफ द्यायची.

व्हेक्टर का लागतं हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं माहितीये? रेडियमवाल्याकडे. गाडीच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलेलं असतं ते छापलेलं नसतं, कापलेलं असतं. मशीनमध्ये शाई नसते, एक बारीक पातं असतं, आणि पात्याला ठिपके देऊन उपयोग नाही, त्याला वाट लागते, इथून निघ, असा वळ, इथे थांब. दरवाजावर कोरीवकाम करणारं सीएनसी मशीन, लेझर कटिंग, साडीवर भरतकाम करणारं मशीन, सगळी या वाटेनेच चालतात. तिथे फोटो घेऊन गेलात की आधी कोणालातरी बसून रेषा काढाव्याच लागतात, आणि त्याचे पैसे लागतात ते म्हणूनच.

मग फोटोशॉप का कोरल? फोटो साफ करायचा, मागचं काढायचं, चित्र रंगवायचं असेल तर ठिपक्यांचं सॉफ्टवेअर. लोगो, अक्षरं, लेबल, कापायची वस्तू असेल तर रेषांचं. खऱ्या कामात दोन्ही लागतातच, फोटो फोटोशॉपमध्ये साफ करून कोरलमध्ये आणायचा आणि नाव-मजकूर कोरलमध्येच टाकायचा. फोटोशॉपमध्ये अख्खी लग्नपत्रिका करून त्याची जेपेग पाठवणारे बघितले की जीव तुटतो, कारण मग मजकूर पण ठिपक्यांचा होऊन जातो.

आता मराठी अक्षरांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इंग्रजीत शिकवणाऱ्या व्हिडिओत हे मिळत नाही आणि आपली सगळ्यात जास्त अडचण इथेच होते.

फॉन्ट म्हणजे पण व्हेक्टरच, प्रत्येक अक्षर हे बाक आणि नोड घालून काढलेलं असतं. पण कुठल्या नंबरला कुठलं अक्षर ठेवायचं याचा पूर्वी मेळ नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवलेली असायची. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते ई-जे-के-बी-एच असतं, फक्त फॉन्टमुळे आपल्याला मराठी दिसतं, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सरळ ती इंग्रजी अक्षरं समोर येतात. श्रीलिपीची मांडणी वेगळी, दुसऱ्या कंपनीची आणखी वेगळी. म्हणून गावोगावचे जुने कोरलचे मजकूर आज कॉपी करून कुठे टाकता येत नाहीत, आधी कन्व्हर्टरमधून काढावे लागतात आणि मग परत प्रूफ वाचावं लागतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर ठरवून देणाऱ्या पद्धतीत, हे मिटलं, म हे म, जगात कुठेही. पण युनिकोडने सॉफ्टवेअरवर एक काम टाकलं. 'कि' मध्ये आपण आधी क टाइप करतो मग वेलांटी, साठवलं पण तसंच जातं, आणि दाखवताना वेलांटी उचलून क च्या आधी नेऊन ठेवायची हे सॉफ्टवेअरने करायचं. 'स्त्री' मध्ये स, त, र तिन्ही जुळवायचे, 'सूर्य' मध्ये रफार उचलून य च्या डोक्यावर न्यायचा. हे ज्याला येत नाही ते सॉफ्टवेअर वेलांटी भलतीकडे टाकतं, पाय मोडलेली अक्षरं सुटीसुटी दाखवतं, आणि मग बोर्डावर 'नमिंत्रण' छापून येतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं होत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका, प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा, फोटोशॉप बंद करून परत उघडा, आणि पॅराग्राफच्या पॅनलमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' आहे का बघा. नव्या आवृत्त्यांत हे बरंचसं आपोआप होतं. गिंप आणि इंकस्केपमध्ये देवनागरी नीट जुळते, तिथे काही करावं लागत नाही.

आणि आपला खास मराठी र. आचार्यांना वाढा आणि आचाऱ्यांना वाढा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकात गुरुजी जेवणार, दुसऱ्यात स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा आडवा र फॉन्टमध्ये असावा लागतो, आणि टाइप करताना साधा र न घेता टिंबवाला ऱ घ्यावा लागतो. मराठी ल आणि श यांचं वळण पण हिंदीपेक्षा वेगळं आहे, आणि काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात, मजकुराची भाषा मराठी सांगितली की मराठी ल येतो. एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू, तसंच तिरो देवनागरी मराठी, हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्याच्या कामालाही वापरता येतात, आणि तिरो तर मराठी वळण समोर ठेवूनच केलाय. फॉन्ट निवडल्यावर 'आचाऱ्यांना, स्त्री, ल, श, र्कि, ट्ट' असं काहीतरी टाइप करून बघायची मला सवय आहे, अर्ध्या मिनिटात कळतं.

छापायला देण्याआधी शेवटचं काम म्हणजे कर्व्ह मारणं. कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू, म्हणजे अक्षराचं अक्षरपण संपून ते नुसतं आकृती होतं आणि प्रेसवाल्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. फक्त कर्व्ह मारलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, नाहीतर रात्री अकराला "पत्रिकेत आत्याचं नाव राहिलं" असा फोन येतो आणि मजकूर सगळा नव्याने टाइप करावा लागतो.

रंगाचं थोडक्यात सांगते. स्क्रीन प्रकाश टाकते, लाल-हिरवा-निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, त्यातून १,६७,७७,२१६ रंग होतात. कागदावर प्रकाश नसतो, शाई असते, ती उलट काम करते, पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते, आणि तिथे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया. स्क्रीनवरचा झगझगीत निळा या चार शायांत होतच नाही, तो जांभळट पडतो, पोपटी मंदावतो. यात प्रेसवाल्याने काही खाल्लेलं नसतं. म्हणून छपाईचं काम पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या हिशोबात, करायचं. आणि बारीक मजकूर कायम फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के काळा, बाकी तीन शून्य, कारण चार शायांचा काळा केला आणि कागद केसभर सरकला की अक्षराला रंगीत सावली येते आणि औषधाच्या चिठ्ठीएवढी बारीक अक्षरं वाचताच येत नाहीत. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी तीन मिलीमीटर जास्तीचा रंग सोडायचा, कटिंग थोडं हललं तरी पांढरी कड दिसत नाही.

थ्रीडीचं जग आणखीनच मोठं आहे. तिथे वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोण-चौकोनांच्या जाळीने बनवतात, वर रंग-पोत चढवतात, कुठे दिवा कुठे कॅमेरा ते ठरवतात आणि कॉम्प्युटर प्रकाशाचा हिशोब करून शेवटी आपलं ठिपक्यांचंच चित्र देतो. यात ब्लेंडरबद्दल मला फार प्रेम आहे. ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा हॉलंडच्या टॉन रोसेनडालने २००२ मध्ये लोकांकडे मदत मागितली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, त्यातून सॉफ्टवेअर सोडवून सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच ब्लेंडरवर केलेल्या लाटव्हियाच्या 'फ्लो' या सिनेमाला २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. घराचे प्लॅन ऑटोकॅडमध्ये होतात, ते १९८२ पासून आहे. सीटी स्कॅनमध्ये तर ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची कापं एकावर एक रचून हाड फिरवून बघता येतं. आणि जमिनीच्या ऑनलाइन नकाशात सॅटेलाइटचा फोटो खाली ठिपक्यांचा, वर गटाच्या हद्दी रेषांच्या, दोन्ही प्रकार एकाच जागी.

पैशाचं पण बोलायला हवं. शिकायचंय म्हणून कुठूनतरी क्रॅक टाकून घेऊ नका, त्यासोबत व्हायरस येतो आणि अख्ख्या दुकानाच्या फाइली गेलेल्या मी पाहिल्यात. फोटोसाठी गिंप, रंगवायला क्रिटा, लोगोला इंकस्केप, थ्रीडीला ब्लेंडर, सगळं कायदेशीर आणि फुकट, आणि यावर हात बसला की कोरल-फोटोशॉपवर जायला महिना पुरतो, कारण लेयर त्याच, नोड तेच. फोनवरच काम असेल तर कॅन्व्हा आहे, पोस्ट आणि शुभेच्छांना छान, पण छापायचं असेल तर तिथून जेपेग न घेता प्रिंटची पीडीएफ घ्या. एआयकडून काढलेली चित्रं पण बहुतेक ठिपक्यांचीच असतात, लोगो म्हणून घेतलीत तरी रेषा परत काढाव्या लागतातच, आणि त्यात मराठी अक्षरं असतील तर एकेक जोडाक्षर डोळ्यांत तेल घालून तपासा.

कोणाकडूनही लोगो करून घ्याल तेव्हा पैसे देतानाच चार गोष्टी मागून घ्या: ओपन फाइल म्हणजे कोरलची सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय किंवा इंकस्केपची एसव्हीजी, कर्व्ह केलेली पीडीएफ, पारदर्शक मोठी पीएनजी, आणि रंगांचे आकडे. तो तुमचा लोगो आहे, पैसे तुम्ही दिलेत, मागायला संकोच करायचा नाही. करणारा बदलतो, दुकान बंद होतं, कॉम्प्युटर फॉरमॅट होतो.

मावशींना मी त्या रात्री हे सगळं पेन ड्राइव्हवर दिलं आणि त्यांच्या मुलीच्या मेलवर पण टाकलं. अख्खी व्हेक्टर फाइल काही केबीची, त्यांच्या डीपीपेक्षा हलकी. सकाळी फ्लेक्स लागला. त्याच फाइलवरून मग पापडाच्या पाकिटाचं दोन इंची लेबल झालं, बिलबुकावर छापून झालं, आणि गेल्या महिन्यात मालाच्या टेम्पोच्या मागच्या काचेवर रेडियम कापून घेतलं, साडेतीन फुटी. मावशींनी फोटो पाठवला, या वेळी डॉक्युमेंटमधून. झूम करून बघितला मी, लाटण्याच्या मुठीची कड शेवटपर्यंत गुळगुळीत होती.